कुकी, फाइल आणि नेल : सतत वाचणाऱ्या यंत्राचे एक प्रकरण

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात २०१० साली एक संगणकप्रणाली रात्रंदिवस वेबपाने वाचत होती. तिला दिलेल्या वर्गांपैकी एक होता ‘बेकरीतले पदार्थ’. पाव, केक, पाई, कुकी असे पदार्थ तिने सुरुवातीला छान ओळखले आणि यादी वाढत गेली. मग शब्दांची ठेवण पाहून वर्ग ठरवणाऱ्या तिच्या भागाने ‘इंटरनेट कुकीज’ (संकेतस्थळे आपल्या संगणकावर ठेवतात त्या छोट्या नोंदी) हाही बेकरीचाच पदार्थ असल्याचा निर्वाळा दिला. प्रणालीने ‘मी माझ्या इंटरनेट कुकीज डिलीट केल्या’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य वाचलेले होते. पुढे ‘मी माझ्या फाइली डिलीट केल्या’ हे वाक्य तिच्यासमोर आले, तेव्हा फाइल हीदेखील भाजून खायची वस्तू असावी असे तिने मानले. तिथून दरड कोसळावी तशा चुका येत गेल्या. प्रकल्पाचे प्रमुख टॉम मिचेल हा वर्ग तपासायला बसले तेव्हा हा प्रकार त्यांच्या ध्यानात आला. त्यांनी इंटरनेट कुकीजची नोंद दुरुस्त केली आणि बेकरीचा धडा पुन्हा सुरू करून दिला.

हा किस्सा वर्तमानपत्रातही आला होता आणि बहुतेकांनी तो गंमत म्हणून वाचला असेल. मला तो या क्षेत्रातल्या सर्वांत शिकवणाऱ्या प्रसंगांपैकी एक वाटतो. वाचून ज्ञान मिळवणाऱ्या यंत्राचे सामर्थ्य आणि त्याची अडचण एकाच जागी कशी असते, ते इथे उघडे दिसते.

प्रणाली काय होती

तिचे नाव ‘नेव्हर-एंडिंग लँग्वेज लर्नर’, म्हणजे कायम शिकत राहणारी. संक्षेप ‘नेल’. जानेवारी २०१० मध्ये ती सुरू झाली. मशीन लर्निंगचे, म्हणजे यंत्राला उदाहरणांवरून शिकवण्याच्या शास्त्राचे, विद्यार्थी मिचेल यांना त्यांच्या १९९७ च्या पाठ्यपुस्तकामुळे ओळखतात. त्यांच्या मनातला प्रश्न असा होता : माणूस वर्षानुवर्षे शिकतो आणि काल शिकलेले आज शिकायला वापरतो, मग यंत्राला एकच काम एकदाच शिकवून आपण थांबतो का?

त्याआधी यंत्राला जगाची माहिती देण्याचा एक मोठा मार्ग म्हणजे माणसांनी ती हाताने लिहून देणे. डग्लस लेनॅट यांनी १९८४ मध्ये सुरू केलेला ‘सायक’ हा प्रकल्प त्याच वाटेचा. ती वाट चिकाटीची आहे आणि तिच्याबद्दल मला आदरही आहे. पण जगात गोष्टी इतक्या आहेत की लिहिणाऱ्यांचे हात पुरे पडत नाहीत. नेलने हाताने लिहायचा भाग अगदी लहान ठेवला. पहिल्या प्रसिद्ध प्रयोगात तिला १२३ वर्ग (शहर, कंपनी, खेळाडू, भाजी असे) आणि ५५ नाती (अमुक खेळाडू तमुक संघाकडून खेळतो, अमुक कंपनी तमुक शहरात आहे अशी) दिली होती. प्रत्येकासाठी बीज म्हणून दहा-पंधरा उदाहरणे. कोणते वर्ग एकमेकांत मिसळू शकत नाहीत हेही सांगितले होते. जे शहर आहे ते व्यक्ती असू शकत नाही, वगैरे. वाचायला होता ‘क्लूवेब०९’ हा २००९ च्या आरंभी गोळा केलेला वेबपानांचा साठा. त्यातली सुमारे ५० कोटी इंग्रजी पाने नेलसमोर होती.

वाचते म्हणजे काय करते

इथे थोडे थांबायला हवे, कारण ‘वाचते’ या शब्दाने घोटाळा होतो. नेल वाक्याचा अर्थ आपल्यासारखा लावत नव्हती. ती शब्दांचे शेजारी पाहत होती.

पिट्सबर्ग हे शहर आहे एवढे बीज तिच्याकडे आहे. ती लाखो पानांत पिट्सबर्गच्या आजूबाजूला काय येते ते पाहते. ‘अमुकचे महापौर’, ‘अमुक आणि इतर शहरे’ असे साचे हाती लागतात. मग त्याच साच्यांच्या मोकळ्या जागेत आणखी कोणते शब्द बसतात ते ती शोधते : शिकागो, बोस्टन, सिअ‍ॅटल. ही नवी शहरे मिळाली की त्यांच्या शेजारून नवे साचे, आणि नव्या साच्यांतून आणखी शहरे. ‘सच अ‍ॅज’ म्हणजे ‘यांसारखे’ अशा शब्दबंधांवरून कोणती वस्तू कोणत्या प्रकारची हे काढता येते, हे मार्टी हर्स्ट यांनी १९९२ मध्येच दाखवले होते. नेलने ते साचे स्वतःच शोधायला घेतले.

पण साचे शोधणारा हा तिचा एकच वाचक. दुसरा वाचक वेबपानांवरच्या याद्या आणि तक्ते धुंडाळत असे : एका यादीत चार ओळखीची शहरे असतील तर पाचवे नावही बहुधा शहराचेच. तिसरा शब्दाचे रूप पाही, म्हणजे मोठ्या अक्षराने सुरू होतो का, शेवटी कोणता प्रत्यय आहे, नामसमूहातला मुख्य शब्द कोणता. चौथा आधीच मिळवलेल्या माहितीतून नियम बांधी : खेळाडू एका संघाकडून खेळतो आणि तो संघ एका लीगमध्ये खेळतो, तर खेळाडूही त्या लीगमध्ये खेळत असणार. असे नियम वाचनाच्या ठरावीक फेऱ्यांनंतर माणसासमोर येत आणि पटणारे तेवढेच ठेवले जात. त्याला काही मिनिटे पुरत.

हे चौघे आपापले उमेदवार पुढे करत. त्यांतला कोणता ‘विश्वास’ म्हणून ज्ञानसाठ्यात घ्यायचा हे ठरवणारा वेगळा भाग होता आणि त्याचा नियम मला फार आवडतो. एकट्या वाचकाची खात्री ०.९ च्या वर असेल तर त्याचे म्हणणे मान्य. खात्री कमी असेल तर किमान दुसऱ्या एका वाचकाने तेच सांगितलेले हवे. शिवाय उमेदवार परस्परविरोधी वर्गात आधीच बसलेला नसावा. गावच्या पंचांनी साक्षी घ्याव्यात तसेच हे : एकाची साक्ष पक्की असेल तर ठीक, नाहीतर दुसरा साक्षीदार आणा.

फक्त त्या पहिल्या आवृत्तीत एक कलम असे होते की एकदा विश्वास म्हणून घेतलेली गोष्ट पुन्हा बाहेर काढली जात नसे. कुकीच्या प्रसंगात या कलमाचा अर्थ पुरता कळतो.

६७ दिवसांचा हिशेब

पहिल्या ६७ दिवसांत नेलने ६६ फेऱ्या केल्या आणि सुमारे २ लाख ४२ हजार विश्वास जमवले. माणसांनी नमुने काढून तपासले तेव्हा त्यांतले अंदाजे ७४ टक्के बरोबर निघाले.

७४ हा आकडा सगळीकडे उद्धृत होतो, पण त्याच अभ्यासातले दुसरे आकडे मला जास्त महत्त्वाचे वाटतात. फेऱ्यांचे तीन भाग केले तर पहिल्या भागात घेतलेल्या विश्वासांपैकी ९० टक्के बरोबर होते, दुसऱ्या भागातले ७१ टक्के आणि तिसऱ्या भागातले ५७ टक्के. म्हणजे शेवटच्या टप्प्यात शंभर नव्या गोष्टी शिकल्या तर त्रेचाळीस चुकीच्या. वाचन वाढत होते आणि शिकण्याचा दर्जा उतरत होता.

कारण समजायला अवघड नाही. सोपी उदाहरणे आधी संपतात. बोस्टन हे शहर आहे हे हजारो पाने सांगतात, पण कुठल्याशा आडगावाबद्दल दोनच पाने बोलतात आणि त्यांतले एक चुकीचे असते. त्याहून मोठे कारण हे की नेलचा गुरू तीच होती. आज मानलेली चुकीची गोष्ट उद्या नवा साचा शोधायला बीज म्हणून वापरली जाते. त्या साच्यातून आणखी चुकीच्या गोष्टी येतात, आणि त्या चुकीच्याच असल्यामुळे एकमेकींना दुजोरा देतात. या क्षेत्रात याला अर्थाचे वाहत जाणे म्हणतात. नांगरलेली होडी दोर थोडा थोडा सुटत किनाऱ्यापासून लांब जावी, तसे.

आता कुकीकडे परत येऊ. ‘इंटरनेट कुकीज’ या नामसमूहातला मुख्य शब्द ‘कुकीज’. रूप पाहणाऱ्या वाचकाने यापूर्वी ओट्सच्या कुकीज, चॉकलेटच्या कुकीज पाहिल्या होत्या आणि त्या सगळ्या बेकरीच्याच होत्या. त्याच्या जागी बसून पाहिले तर त्याची खात्री पूर्ण रास्त होती. हरकत घ्यायला कोणी उभे राहिले नाही, कारण इंटरनेट कुकी ही वेगळीच वस्तू आहे हे सांगू शकेल अशी पुरेशी माहिती साठ्यात नव्हती. नोंद आत आली आणि नियमाप्रमाणे आतच राहिली. मग ‘डिलीट केले’ हा साचा बेकरीच्या पदार्थांचा झाला आणि फाइलला दार उघडले. पहिली पायरी सोडली तर पुढचे प्रत्येक पाऊल नियमाला धरून होते. त्यामुळे हे प्रकरण नुसते गंमत म्हणून सोडता येत नाही. यंत्र बावळट होते असे म्हणून आपली सुटका नाही. शिस्तीने वागणाऱ्या यंत्राकडूनही हेच घडते.

पाच मिनिटे

पहिले सहा महिने नेल जवळजवळ एकटीच चालली. तीन चतुर्थांश वर्ग-नात्यांत तिची अचूकता ९० ते ९९ टक्के होती, पण उरलेल्या चतुर्थांशात ती २५ ते ६० टक्क्यांवर अडखळत होती. जून २०१० पासून संशोधकांनी ठरवले की दर दोन आठवड्यांनी प्रत्येक वर्गावर पाच मिनिटे नजर टाकायची. ढळढळीत चूक दिसली तर खूण करायची आणि यंत्र पुन्हा कामाला लावायचे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत साठ्यात ३ लाख ९० हजार गोष्टी होत्या आणि अंदाजे अचूकता ८७ टक्के.

मला या पाच मिनिटांचे मोल फार वाटते. ती सगळ्या चुका शोधायला पुरणार नाहीत हे उघड आहे. पण चूक बीज होण्याआधी पकडली तर तिच्यातून उगवणाऱ्या शंभर चुका आपोआप टळतात. तण दोन पानांवर असताना एका माणसाची एक फेरी पुरते, पीक डोक्याएवढे झाल्यावर दहा माणसे लावूनही शेत साफ होत नाही. स्वतः मिचेल यांचे म्हणणे होते की माणूसही एकट्याने शिकत नाही. पूर्ण स्वयंचलित यंत्राचा आग्रह धरणाऱ्यांना ही माघार वाटली असेल. मला तो प्रकल्पातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो.

दुसरा उपाय पद्धतीतच होता आणि तो वरवर उलटा वाटतो : शिकायची कामे वाढवा, म्हणजे प्रत्येक काम सोपे होते. इंग्रजीत ‘मी अमुक चढलो’ या साच्यात डोंगरांची नावे येतात. पण लोक जिनेही चढतात. फक्त ‘डोंगर’ हा एकच वर्ग शिकणारे यंत्र जिन्याला डोंगर म्हणेल. नेलने ‘इमारतीचा भाग’ हाही वर्ग शिकलेला होता आणि जिना तिथे ठामपणे बसला होता. डोंगर आणि इमारतीचा भाग हे एकत्र नांदू शकत नाहीत, म्हणून जिना अडला आणि ‘चढलो’ या साच्यावर एकट्याने भरवसा ठेवायचा नाही हेही कळले. शेकडो वर्ग आणि नाती एकमेकांना अशी बांधली की एकाची चूक दुसऱ्याला खुपते. कुकी निसटली ती नेमकी तिथे, जिथे बाजूला बांधायला दुसरा वर्ग भरलेला नव्हता.

प्रकल्प पुढे वर्षानुवर्षे चालला. २०१५ पर्यंत ८ कोटींहून अधिक आणि २०१८ पर्यंत १२ कोटी विश्वास जमले. त्यांतले बहुतेक कमी खात्रीचे उमेदवार होते, पण प्रत्येकावर किती खात्री आणि कोणाच्या साक्षीने याची नोंद होती. एकाच नावाच्या दोन वस्तूंचा प्रश्न, म्हणजे अ‍ॅपल फळ आणि अ‍ॅपल कंपनी, २०११ मध्ये वेगळ्या भागाने हाती घेतला.

काळाचा प्रश्न जास्त चिवट होता. नेलच्या कामाचे तेव्हाचे आवडते उदाहरण पेटन मॅनिंग या अमेरिकन फुटबॉलपटूचे : तो खेळाडू आहे, इंडियानापोलिस कोल्ट्स हा संघ आहे, आणि दोन्ही नावांच्या मधले शब्द पाहून तो त्या संघाकडून खेळतो असा निष्कर्ष काढता येतो, तसे थेट विधान कुठे वाचलेले नसले तरी. निष्कर्ष बिनचूक होता. मार्च २०१२ मध्ये कोल्ट्सने मॅनिंगला मोकळे केले आणि तो डेन्व्हर ब्राँकोसकडे गेला. खेळाडू, संघ, नाते या तिघांच्या नोंदीत तारखेला जागाच नसेल तर काल खरी असलेली गोष्ट आज खोटी होते आणि जुनी पाने तिला साक्ष देतच राहतात. त्याच वर्षी पार्थ तालुकदार, डेरी विजया आणि मिचेल यांनी नात्यांना काळाची चौकट घालण्याच्या पद्धतीवर काम प्रसिद्ध केले. तालुकदार पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले.

हेच मराठीत करायचे तर

हे प्रकरण वाचल्यावर मी कागद घेऊन बसलो आणि नेलचा पहिला वाचक मराठीत कसा चालेल ते हाताने करून पाहिले. बीज : पुणे, ठाणे, सातारा, कोल्हापूर. वर्ग : शहर.

पहिल्याच ओळीला अडचण आली. इंग्रजीत शहराचे नाव वाक्यात कुठेही गेले तरी तसेच्या तसे राहते. मराठीत विभक्ती लागली की नाव वितळते. पुण्यात, ठाण्याला, साताऱ्याहून, कोल्हापुरात. ‘अमुकचे महापौर’ या साच्यातली मोकळी जागा ‘पुण्या’ हे सामान्यरूप देते आणि ‘पुण्या’ नावाचे शहर कुठेच नाही. बरे, सामान्यरूपावरून मूळ शब्दाकडे जावे तर ‘पुण्याचे’ हे ‘पुणे’चेही रूप आहे आणि ‘पुण्य’चेही. ‘पुण्याचे काम’ शहरातले की परलोकीचे? ‘ठाण्यात तक्रार दाखल’ हे वाक्य ठाणे शहराबद्दल क्वचितच असते, बहुतेक वेळा ते पोलीस ठाण्याबद्दल असते. देवनागरीत मोठे अक्षर नाही, त्यामुळे विशेषनामाची ती खूणही नाही. आपल्या कुकीज या अशा आहेत आणि त्या पहिल्याच पानावर भेटतात.

मग दुसरा साचा घेतला आणि एकदम हलके वाटले. ‘पुणे, सातारा, कोल्हापूर यांसारख्या शहरांत’. इथे सगळी विभक्ती ‘यां’ने स्वतःच्या अंगावर घेतली आहे आणि नावे मूळ रूपात उभी आहेत! ‘आंबा, काजू, फणस आदी फळे’, ‘तबला, पेटी, सारंगी इत्यादी वाद्ये’ यांतही तेच. मराठी वाचणाऱ्या यंत्राने सुरुवात या वाक्यरचनेपासून करावी असे मी सुचवीन. आपले व्याकरण अडथळे उभे करते हे खरे, पण तेच व्याकरण अशा स्वच्छ खिडक्याही ठेवते. त्या शोधायला भाषा जन्मापासून बोलणारा माणूस लागतो.

साक्षीदार म्हणून उभे करायला मराठीत काहीच नाही असे नाही. आयआयटी मुंबईत तयार झालेल्या मराठी शब्दजालात कोणता शब्द कोणत्या गटात पडतो याची हाताने केलेली मांडणी आहे. कोणता वर्ग कोणत्या वर्गाशी मिसळत नाही हे ठरवताना तिचा उपयोग व्हावा. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने २०२२ मध्ये व्यक्ती, स्थळ, संस्था अशा खुणा केलेली २५ हजार मराठी वाक्ये खुली केली. नेलच्या त्या पाच मिनिटांच्या तपासणीला मराठीत काय आधार घ्यावा, याचे उत्तर तिथे आहे.

आजची मोठी भाषा-मॉडेल्स नेलहून कितीतरी अधिक वाचतात, मराठीही वाचतात आणि सफाईने लिहितात. मात्र त्यांना कळलेली गोष्ट आकड्यांच्या महासागरात विरघळलेली असते. नेलच्या साठ्यात प्रत्येक विश्वासाची वेगळी चिठ्ठी होती : कोणत्या फेरीत आला, कोणत्या वाचकाने सुचवला, खात्री किती. म्हणून तर मिचेल यांना कुकीची चिठ्ठी सापडली आणि ती खोडता आली. चूक सापडेल अशा जागी ठेवणे ही मला या प्रकल्पाची सर्वांत मोठी देणगी वाटते.

नेलच्या साठ्यातले एक उदाहरण तिचे निर्माते आवर्जून देत : ‘सोबत दिले जाते’ हे नाते, चहा आणि बिस्किटे यांच्यात. तेच मी मराठीत करून पाहिले. ‘चहासोबत’ या शब्दापुढे काय येते? बिस्किट, खारी, टोस्ट, कांदाभजी. आणि गप्पा. ‘चहासोबत गप्पा’ हे तर बिस्किटापेक्षाही जास्त वेळा येईल. साचा शोधणारा वाचक गप्पांना खाद्यपदार्थ म्हणणार आणि त्याच्या जागी तो चुकीचा नाही. मग ‘गप्पा रंगल्या’ वरून ‘मैफल रंगली’, ‘सामना रंगला’, आणि दोन फेऱ्यांत मैफल आणि सामना हे दोन्ही बशीत. अडवायचे तर ‘बोलणे’ असा एक वर्ग आधीच भरलेला हवा आणि तो खाद्यपदार्थांशी मिसळत नाही हे सांगितलेले हवे. मी माझ्या कागदावर त्याची बीजे लिहून ठेवली आहेत : गप्पा, चर्चा, भांडण, वाद, विचारपूस, कानगोष्ट, भाषण, मुलाखत, चौकशी, कुजबुज.